कॅप्टनला उतरवताना

१

जहाजावर कॅप्टनपुढे देवाचंही चालत नाही असं म्हणतात. डॉक्टरचं मात्र चालतं. कॅप्टनचं शरीर किंवा डोकं ठिकाणावर नाही, असं डॉक्टरने दोन अधिकाऱ्यांसमोर कारणासकट सांगितलं की त्या क्षणापासून तो कॅप्टन राहत नाही आणि चीफ ऑफिसर जहाज हातात घेतो. कारण तेवढं प्रकृतीचंच लागतं. माणूस खडूस आहे, हट्टी आहे, बायकोवर खेकसतो, ही कारणं चालत नाहीत. चालली असती तर मी आजवर निम्मे कॅप्टन घरी पाठवले असते.

आमचे कॅप्टन त्यातले नव्हते. नाकासमोर चालणारा सरळ माणूस, आवाज कधी चढायचा नाही. ही त्यांची शेवटची सफर, म्हणून वहिनीही बरोबर आल्या होत्या. जहाज मालाचं, पण वरच्या मजल्यावर थोडे पेन्शनर प्रवासी असत, आणि त्यांच्या गुडघ्यांसाठी कंपनीने मला ठेवलं होतं. उरलेल्या वेळात मळमळीच्या गोळ्या आणि खलाशांची चेंगरलेली बोटं.

कॅप्टनना रक्तदाबाचा त्रास होता. रोज सकाळी चहाआधी मी ब्रिजवर जायची. ब्रिज म्हणजे जहाज चालवायची खोली, तिन्ही बाजूंनी काचा. उजव्या हाताला कॅप्टनची खुर्ची, उंच, जमिनीला पक्की बसवलेली, काळ्या चामड्याची. तिच्यात कॅप्टनशिवाय कुणी बसत नाही, साफ करणारासुद्धा टेकत नाही. ते तिच्यात बसून हात पुढे करायचे, मी दंडाला पट्टा बांधायची, आणि आकडा वर गेला की म्हणायची, "मीठ कमी करा, नाहीतर गादीवरून उतरवीन." ते हसायचे. असा आमचा रोजचा पाठ होता.

त्या सकाळी ते खुर्चीच्या शेजारी उभे होते. हात पाठीमागे बांधलेले.

"बसा की," मी म्हटलं. "उभ्याने आकडा नीट येत नाही."

"उभ्यानेच घ्या आज."

"का? खुर्ची मोडली?"

"नाही हो." त्यांनी आवाज खाली आणला. "बसलेत ना."

मी खुर्चीकडे बघितलं. रिकामी. सुकाणू धरून उभा असलेला खलाशी नाकासमोर बघत होता. ही थट्टा कळायला मला जरा वेळ लागेल असं वाटून मी कसनुसं हसले आणि उभ्यानेच पट्टा बांधला. दाब वाढलेला होता. मी मिठाचं बोलले, त्यांनी मान डोलावली. हसले मात्र नाहीत.

२

थट्टा एकदा होते. दुसऱ्यांदा ती थट्टा राहत नाही.

दुपारी मेसमध्ये जेवायला येताना कॅप्टन दारात थांबले, अंग चोरून बाजूला झाले, कुणीतरी आत जाईल इतका वेळ थांबले आणि मग स्वतः आत आले. वहिनी मागेच होत्या. त्या बिचाऱ्या ते आपल्यासाठी थांबलेत असं समजून पुढे झाल्या, तर कॅप्टननी हळूच त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं. टेबलाच्या टोकाची त्यांची जागा त्यांनी मोकळी सोडली आणि बाजूला, चीफ ऑफिसरच्या शेजारी येऊन बसले. चीफने माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं.

तशी मी भित्री नाही. मुडद्यांशेजारी बसून डबा खाल्लेली बाई आहे मी. पण त्या जेवणभर टेबलाच्या टोकाकडे पाठ करावीशी वाटेना आणि तोंडही करावंसं वाटेना. स्टुअर्डने सवयीने तिथे पाण्याचा ग्लास भरून ठेवला होता. जेवण संपेपर्यंत तो तसाच भरलेला होता, आणि त्याचा मला केवढा तरी आधार वाटला.

संध्याकाळी वहिनी माझ्या दवाखान्यात आल्या. डोकं दुखतंय म्हणाल्या. गोळी दिली तर ती हातातच धरून बसल्या.

"डॉक्टर, हे कोचावर झोपतात हो."

"भांडलात का?"

"आमचं भांडण कधी होतं? मी म्हटलं, अहो, पलंगावर या, पाठ धरेल. तर म्हणाले, ती खोली आता त्यांची आहे, तूही बाहेर झोप. मी कुठली ऐकायला. मी तिथेच झोपले."

"मग?"

वहिनींनी गोळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग काही नाही. पहाटे उठून मीपण बाहेर आले. सतरंजी घालून जमिनीवर पडले."

"का?"

"अंग चोरून झोपावं लागत होतं," त्या म्हणाल्या, आणि लगेच माझा हात धरला. "तुम्ही ह्यांना उतरवणार नाही ना? आयुष्यभर एक डाग नाही त्यांच्यावर. आता महिन्यादोन महिन्यांचा प्रश्न. वेडा म्हणून घरी आणलं तर ते जगायचे नाहीत, डॉक्टर. मी ओळखते माझ्या माणसाला."

मी म्हटलं, थकवा आहे, झोप झाली की बरं वाटेल. डॉक्टर लोकांना काही सुचत नाही तेव्हा ते थकव्याचं नाव घेतात.

३

दोन-तीन दिवस तसेच गेल्यावर मी कॅप्टनना दवाखान्यात बसवून रीतसर तपासलं. डोळे, जीभ, हातांची थरथर, चाल. वार विचारला, वजाबाक्या करायला लावल्या, ऐकलेले शब्द उलटे म्हणून घेतले. सगळं चोख. माझ्याच दोन वजाबाक्या त्यांनी दुरुस्त केल्या.

"डॉक्टर, मी वेडा नाही," ते शांतपणे म्हणाले. "मला बाजूला व्हायला सांगितलं, मी झालो. जहाजावर हुकूम पाळायचा असतो."

"सांगितलं कुणी?"

"कॅप्टननी."

"कॅप्टन तुम्ही आहात."

"होतो."

"कोण दिसतं तुम्हाला त्या खुर्चीत?"

"दिसत नाही हो. दिसलं असतं तर मी आपल्या पायांनी तुमच्याकडे आलो असतो, म्हटलं असतं, बाई, गोळी द्या. वर्गात बसलेलं असताना मास्तर मागे येऊन उभे राहिले की वळून बघावं लागतं का?"

मला राग आला. भीती वाटली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड. "आणि हे साहेब हुकूम काय देतात?" मी विचारलं.

त्यावर ते माझ्याकडे असं बघत राहिले, जणू मी नको ते विचारून बसले होते. "तेवढं चीफला विचारा," ते म्हणाले.

चीफ ऑफिसर हा देव न मानणारा, भूत न मानणारा आणि बहुतेक वेळा माझंही न मानणारा गडी. तो स्वतःच जिन्यात माझी वाट बघत होता.

"मॅडम, सकाळचं ऊन बघितलंत? डावीकडच्या काचेतून यायचं. आता जवळजवळ समोरून येतंय. रोज थोडं थोडं डावीकडे वळवतायत. काही विचारलं की एकच उत्तर, ऑर्डर आहे."

"तिकडे आहे काय?"

"पाणी." त्याने हाताने सपाट रेघ मारून दाखवली. "पाण्यापुढे पाणी. बंदर नाही, बेट नाही. आणि तेल आपण आपल्या बंदरापुरतं भरलंय. असंच गेलो तर परत फिरण्याइतकंसुद्धा उरणार नाही. चीफ इंजिनिअर खाली डोक्याला हात लावून बसलाय."

"किनाऱ्यावर, कंपनीला कळवलंस?"

"कळवलं. ते म्हणतात, कॅप्टनचा शब्द शेवटचा. फार तर तुमच्या डॉक्टरना विचारा."

म्हणजे चेंडू माझ्याच अंगणात. वरच्या मजल्यावर पेन्शनर पत्ते कुटत होते, आणि कोण जिंकतंय यावरून त्यांची वादावादी मला जिन्यापर्यंत ऐकू येत होती. एका बाजूला ती माणसं आणि खालचे खलाशी, दुसऱ्या बाजूला एका सज्जन माणसाची अब्रू. हिशेब सोपा होता. तरी माझे पाय दिवसभर त्या हिशेबापासून लांब पळत राहिले.

४

भर दुपारी मी ब्रिजवर गेले. चीफ होता, सेकंड ऑफिसर होता, सुकाणूवर खलाशी होता. कॅप्टन खुर्चीच्या शेजारी होते, आदल्या दिवसापेक्षा थोडे आणखी वाकलेले.

मी ठरलेली वाक्यं म्हटली. "मी या जहाजाची डॉक्टर, कॅप्टनना प्रकृतीच्या कारणाने कामावरून दूर करते. कारण, भ्रम. नसलेला माणूस असल्यासारखा वाटतो आणि त्याच्या हुकमाने जहाज चालवतात." माझा आवाज कापला नाही. नंतर मला त्याचीच लाज वाटली.

मला वाटलं होतं ते चिडतील, निदान रडतील. त्यांनी खांद्यावरच्या पट्ट्या काढल्या आणि चीफच्या हातात दिल्या. चेहऱ्यावर डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखी सुटका होती.

"उपकार झाले, डॉक्टर," ते म्हणाले. "मला काढलंत ते बरंच केलंत. पण जहाज मी थोडंच चालवत होतो?"

ते दारातून बाहेर पडले. वहिनी बाहेरच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी काचेबाहेर बघू लागले.

चीफने हुकूम दिला. सुकाणू फिरलं. जहाज हळूहळू उजवीकडे वळलं, पाण्यावरचा आमच्या मागचा पांढरा पट्टा वाकला, आणि सेकंड ऑफिसरने मोठा श्वास सोडला. मला एकदम हसू आलं. एवढंच होतं की. इतके दिवस आपण उगाच दबून होतो.

"बस आता," मी चीफला म्हटलं. "खुर्ची तुझी."

तो खुर्चीपर्यंत गेला. हात पुढे केला, पाठीला लावणार तेवढ्यात मागे घेतला.

"दमलो नाहीये अजून," तो म्हणाला.

५

पुढची सकाळ छान उजाडली. कॅप्टन माझ्या दवाखान्यातल्या खाटेवर लहान मुलासारखे झोपले होते. मी दाब घेतला तर तो या सफरीत पहिल्यांदा जिथे असायला हवा तिथे होता. बाई, तुझं निदान बरोबर निघालं, मी स्वतःची पाठ थोपटली. वहिनी उशाशी बसल्या होत्या. माझ्याशी बोलल्या नाहीत, पण मी ठेवलेला चहा त्यांनी घेतला. म्हटलं, होईल हळूहळू.

हातात तपासायच्या सामानाची पिशवी होती, तशीच सवयीने ब्रिजचा जिना चढले. कॅप्टन खाली झोपलेत आणि वर आता तपासायला कुणी नाही, हे अर्ध्या जिन्यात आठवलं. तरी गेले. चीफला सुप्रभात म्हणावं म्हणून.

दार उघडलं आणि ऊन माझ्या डोळ्यांवर आलं. समोरून.

पायाखाली वाळू असती तर सरकली असती. मी डोळ्यांवर हात धरून आत शिरले. चीफ खुर्चीच्या शेजारी उभा होता. हात पाठीमागे बांधलेले.

"चीफ, काल वळवलं होतंस ना?"

"वळवलं होतं."

"मग?"

"ऑर्डर आली," तो म्हणाला. कालपर्यंत ज्याचा आवाज जिन्याखाली ऐकू यायचा तो माणूस शाळेतल्या पोरासारखा पुटपुटत होता. "मॅडम, जरा या बाजूने उभ्या राहा. मध्ये येताय."

"कुणाच्या मध्ये?"

सेकंड ऑफिसर डावीकडच्या काचेला चिकटून उभा होता. सुकाणूवाल्याची मान ताठ होती. एवढ्या मोठ्या खोलीत सगळे कडेकडेने उभे, आणि उजवा कोपरा सगळ्यांनी मिळून मोकळा सोडलेला. खालून इंजिनाचा एकसारखा आवाज येत होता. कुणी खोकत नव्हतं.

मी स्वतःला समजावलं. एकाचं बघून दुसऱ्याला होतं. वर्गात एक मूल चक्कर येऊन पडलं की पाठोपाठ चार पडतात. त्यात भुताटकी काही नाही. दडपण आहे, झोप नाही, आणि म्हातारा खलाशी सांगेल ते खरं मानायची जहाजावरची रीत आहे. सगळं समजत होतं. फक्त मी स्वतःसुद्धा दाराशीच थांबले होते, त्याचं कारण सापडत नव्हतं.

"चीफ, मी तुलाही काढू शकते."

"काढा ना," तो पटकन म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "आत्ता काढा. मग सेकंडला काढाल. मग थर्डला. ते सगळे तुमच्याकडे खाली येऊन झोपतील, मॅडम, आणि जहाज असंच जाईल. काढायचंच असेल तर ज्यांना काढायला पाहिजे त्यांना काढा. कॅप्टनला उतरवायचा अधिकार जहाजावर एकट्या डॉक्टरला आहे. आमच्या कुणाच्या हातात ते नाही."

"रिकाम्या खुर्चीला उतरवू?"

"आधी तपासा," चीफ म्हणाला. "तपासल्याशिवाय थोडंच उतरवता येतं?"

६

मला राग आला, हे मी सांगितलंच आहे. त्या रागाच्या भरात मी खोली ओलांडली. दाखवते म्हटलं या शहाण्यांना. पट्टा हवेत गुंडाळीन, तो बदकन खाली पडेल, सगळे खजील होतील, आणि मी यांना एकेक गोळी देऊन झोपवीन.

खुर्चीच्या हातावर, दंड असतो तेवढ्या उंचीवर, मी पट्टा गुंडाळला आणि सोडला.

पडला नाही.

तो हवेत गोल राहिला, एखाद्या भरलेल्या दंडाएवढा. त्याच्या पोकळीतून मला पलीकडची काच आणि समुद्र दिसायला हवा होता. दिसत नव्हता. तिथे अंधारही नव्हता. तिथपर्यंत गेलेली नजर थांबत होती, एवढंच. खाली चामड्याची गादी दबलेली होती. बसलेला माणूस जरा हलतो तेव्हा येतो तसा चामड्याचा आवाज आला.

माझ्या बोटांनी फुगा दाबायला सुरुवात केली. मी त्यांना सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, डोकं बंद पडलं तरी हात काम करतात. नळी कानाला लावली, हवा सोडली.

ठोके ऐकू आले.

मी आयुष्यात कितीतरी हृदयं ऐकली आहेत. म्हातारी, घाबरलेली, धावून आलेली, आईच्या पोटातली. प्रत्येकात काही ना काही घोटाळा असतो, एक ठोका थोडा अडखळतो, एक घाई करतो. यात काहीच नव्हतं. एकही ठोका दुसऱ्यापेक्षा वेगळा नव्हता. काटा जिथे थांबायला हवा तिथे थांबला. पुस्तकातला आकडा, जो मला कुठल्याच जिवंत माणसात सापडला नव्हता.

"मॅडम?" चीफ कुजबुजला. तो आणि सेकंड ऑफिसर माझ्याकडे बघत होते. दोन अधिकारी. नियमाला लागतात तेवढे. "काय निघालं? काढताय ना?"

एक खोटं बोलायचं होतं. हृदय बिघडलंय. डोकं बिघडलंय. काहीही. एक शब्द, आणि जहाज पुन्हा आपल्या बंदराकडे वळलं असतं, पेन्शनर मंडळी पत्ते खिशात घालून आपापल्या नातवंडांकडे गेली असती. काल मी एका शहाण्या माणसाला वेडा म्हटलं होतं, तेव्हा जीभ अडखळली नव्हती. मी तोंड उघडलं.

पट्ट्यातला दंड हलला. घाबरवण्यासाठी नाही. पेशंट डॉक्टरला सोपं जावं म्हणून हात थोडा वळवून देतात तसा, सोशिकपणे, तो माझ्याकडे वळला आणि थांबला. माझं बोलणं ऐकायला.

"तब्येत," मी म्हटलं. "तब्येत ठणठणीत आहे."

चीफने डोळे मिटले. सुकाणूवाल्याने ताठ मान सैल सोडली, जणू कुणीतरी शेवटी निकाल दिला आणि आता विचार करायला नको. ऊन समोरच्या काचेतून सरळ आमच्या तोंडावर येत होतं.

दारात कुणीतरी हललं. वहिनी होत्या. नवऱ्याची विसरलेली टोपी न्यायला वर आल्या असाव्यात. त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं.

"मग डॉक्टर," त्या म्हणाल्या, "ह्यांना का हो काढलंत?"

मला उत्तर द्यायचं होतं. खरंच द्यायचं होतं. पण पट्टा अजून बांधलेला होता आणि पेशंटला ताटकळत ठेवणं बरं नव्हतं. मी खाली वाकून तो हळूच सोडवला.

"झालं, साहेब," मी म्हटलं. "बाही खाली घ्या."